जलदाबातील बदल आणि प्रक्षालन-टाकीचा ध्वनी

१. विषयप्रवेश

शौचकूपाच्या प्रक्षालन-टाकीतून निघणारा आवाज हा पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास सहसा विवेचनाचा विषय वाटत नाही. प्लंबरने यावे, वायसर बदलावा आणि प्रश्न मिटावा, अशीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु वायसर बदलूनही आवाज कायम राहतो, किंबहुना क्वचित वाढतोही, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. अशा वेळी बारकाईने चौकशी केली असता एक गोष्ट वारंवार आढळते. टाकीत बिघाड झाला असे ज्या दिवसापासून वाटू लागले, त्याच्या थोडे आधी तिला पाणी पुरविणाऱ्या नळातील दाब बदललेला असतो. गच्चीवरील टाकीच्या नळावर दाब वाढविणारा पंप बसविला, ती टाकी अधिक उंचीवर नेली, अथवा गावाची पाणीपुरवठा योजना नव्याने उभारली गेली, म्हणजे वर्षानुवर्षे मुकाट्याने भरणारी टाकी एकाएकी सूंसूं करू लागते, हंबरते, किंवा भिंतीतील नळ ठोठावते.

हा आवाज नुसता त्रासदायक असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु तो बंद करण्यासाठी योजिले जाणारे काही उपाय मूळ दोषाला स्पर्श न करता केवळ त्याचे लक्षण झाकतात. आणि त्यांतील एक उपाय तर घरातील पिण्याच्या पाण्याची शुद्धता धोक्यात आणणारा आहे. यास्तव ध्वनी कोठे व कसा उत्पन्न होतो, दाबाशी त्याचा संबंध काय, आणि त्याचे निवारण कोणत्या क्रमाने करावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. झडपेची रचना

टाकीत पाणी घेणारी झडप व्यवहारात ‘बॉलकॉक’ या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्य भाग चार: पाण्यावर तरंगणारा पोकळ गोळा, तो ज्याच्या टोकास बसविला आहे असा दांडा, दांड्याच्या दुसऱ्या टोकाने पुढेमागे सरकणारा दट्ट्या, आणि दट्ट्याच्या तोंडाशी असलेला रबराचा वायसर. हा वायसर ज्या कडेवर टेकतो तीस झडपेची बैठक म्हणतात. बैठकीच्या मध्यभागी एक लहान छिद्र असते व नळातील सर्व पाणी त्यातूनच टाकीत येते. दांडा ही एक तरफ असून तिचा टेकू दट्ट्याच्या अगदी निकट असतो. त्यामुळे गोळ्यावरील अल्प उत्प्लावक बल दट्ट्यापाशी दहाबारा पटींनी वाढून पोचते आणि पाणी ठराविक पातळीस आले की छिद्र बंद होते.

येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की अर्ध्या इंचाच्या झडपा बाहेरून एकसारख्या दिसत असल्या तरी त्यांच्या बैठकीतील छिद्रे सारखी नसतात. निम्न दाबाच्या झडपेत छिद्राचा व्यास सामान्यतः पाव इंच, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटर असतो. उच्च दाबाच्या झडपेत तो त्याच्या निम्मा, सुमारे ३.२ मिलिमीटर असतो. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ चतुर्थांश. भारतीय मानक १७०३ मध्येही अशा झडपांचे उच्च दाब व निम्न दाब असे वर्ग केलेले आहेत. गच्चीवरील टाकीखालच्या पहिल्याच मजल्यावर उपलब्ध उंची दोनतीन मीटरच असल्याने तेथे मोठ्या छिद्राची झडप बसविणे सयुक्तिक असते. पुढे पंप येतो, दाब आठपट होतो. झडप मात्र तीच राहते. पुढील विवेचनाचे बीज या विसंगतीत आहे.

३. दाब, वेग आणि ऊर्जा

उदाहरणादाखल एक साधे गणित घेता येईल. टाकीच्या झडपेवर पाण्याची उंची ३ मीटर आहे, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलोग्रॅम आहे, असे मानू. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग टॉरिचेल्लीच्या नियमाने सेकंदाला सुमारे ७.७ मीटर येतो. प्रवाहाचा गुणांक ०.६ धरल्यास पाव इंची छिद्रातून सेकंदाला ०.१४६ लिटर पाणी येईल व १० लिटरची टाकी ६८ सेकंदांत भरेल. आता पंपामुळे दाब २५ मीटर उंचीइतका, म्हणजे २.५ किलोग्रॅम झाला असे समजू. वेग सेकंदाला २२ मीटरवर जातो, प्रवाह ०.४२ लिटर होतो आणि तीच टाकी २४ सेकंदांत भरते. गृहस्थास हा लाभच वाटतो.

परंतु ऊर्जेचा हिशोब निराळा आहे. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे झडपेत दर सेकंदास खर्ची पडणारी ऊर्जा. पहिल्या स्थितीत ती सुमारे ४.३ वॅट येते. दुसऱ्या स्थितीत १०३ वॅट. दाब सुमारे ८.३ पट झाला, प्रवाह २.९ पट झाला, आणि या दोहोंच्या गुणाकाराने ऊर्जेचा व्यय २४ पट झाला. नळातील घर्षणामुळे प्रत्यक्षातील आकडे काहीसे कमी भरतील; तथापि प्रमाणाचे स्वरूप बदलत नाही. ही सर्व ऊर्जा काही मिलिमीटर रुंदीच्या फटीत आणि तिच्या लगतच्या पाण्यात नष्ट व्हावयाची असते. तिचा बहुतेक भाग भोवऱ्यांच्या द्वारे उष्णतेत परिणत होतो. ध्वनीच्या वाट्यास येणारा अंश अत्यल्प असतो. पण मनुष्याचा कान इतका संवेदनक्षम आहे, की तेवढा अंशही रात्रीच्या शांततेत असह्य वाटण्यास पुरतो. शिवाय प्रक्षुब्ध प्रवाहापासून निघणारा ध्वनी वेगाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही. तो वेगाच्या बऱ्याच वरच्या घाताच्या प्रमाणात वाढतो. सबब वेग तिप्पट झाला की आवाज तिप्पट झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. वाढ त्याहून पुष्कळच अधिक असते.

आता याच २५ मीटर उंचीखाली लहान छिद्राची बैठक बसविल्यास काय होते? वेग तोच राहतो, परंतु प्रवाह चतुर्थांश, म्हणजे सेकंदाला ०.१०५ लिटर होतो. ऊर्जेचा व्यय २६ वॅटवर उतरतो व टाकी भरण्यास ९५ सेकंद लागतात. उलट हीच लहान बैठक ३ मीटर उंचीवर ठेवली, तर टाकी भरावयास साडेचार मिनिटे लागतील. म्हणजे कोणतीही बैठक स्वतः चांगली वा वाईट नसते. ती दाबास अनुरूप असते किंवा नसते, एवढेच म्हणता येते.

४. ध्वनीचे प्रकार

टाकीच्या आवाजास सरसकट ‘आवाज’ म्हणणे हेच निदानातील पहिले वैगुण्य होय. कारणांच्या दृष्टीने त्याचे निदान तीन प्रकार करावे लागतात.

पहिला प्रकार अखंड सूंसूं असा. तो टाकी भरू लागताच सुरू होतो व झडप बंद होत आली की तीव्र होऊन थांबतो. याचे एक कारण वर सांगितलेला प्रक्षुब्ध प्रवाह. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अरुंद फटीत पाण्याचा वेग वाढला की तेथील दाब घटतो, आणि भोवऱ्यांच्या गाभ्यात तो इतका उतरू शकतो की पाणी साध्या तापमानासच उकळून त्यात बाष्पाच्या सूक्ष्म पोकळ्या पडतात. थोडे पुढे जाताच दाब पूर्ववत होतो व या पोकळ्या क्षणार्धात मिटतात. प्रत्येक मिटणे हा एक लहानसा आघातच असतो. अशा असंख्य आघातांचा समुच्चय कानास सूत्कारासारखा ऐकू येतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९४ साली गळ्याशी अरुंद केलेल्या काचनळीतून पाणी सोडून हे साध्या तापमानातील उकळणे दाखविले होते. आणि अशी पोकळी मिटताना उत्पन्न होणाऱ्या प्रचंड दाबाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. आवाजाबरोबरच बैठकीची कड कुरतडली जाते ती याच आघातांमुळे, आणि कुरतडलेल्या कडेवर नवा वायसरही नीट बसत नाही. वायसर बदलूनही आवाज का राहतो, याचा एक उलगडा येथे होतो.

दुसरा प्रकार हंबरण्याचा. टाकी जवळजवळ भरली असता एक खोल, लांबट स्वर उमटतो व भिंतीतून दूरवर ऐकू जातो. हे स्वयंप्रेरित कंपन होय. झडप बंद होण्याच्या बेतात असताना वायसर व बैठक यांतील फट अगदी अल्प असते. ती किंचित वाढली की प्रवाह वाढतो. नळातील पाण्याच्या जडत्वामुळे झडपेमागील दाब क्षणभर उतरतो व वायसर पुन्हा बैठकीकडे येतो. प्रवाह घटला की मागचा दाब चढतो व वायसर पुन्हा दूर ढकलला जातो. ही देवाणघेवाण नळाच्या नैसर्गिक कंपसंख्येशी जुळली म्हणजे अनुनाद होतो. धातूच्या नळातील पाण्यात दाबाची लाट सेकंदाला सुमारे १,३५० मीटर वेगाने जाते. एक टोक गच्चीवरील टाकीत मोकळे व दुसरे जवळजवळ मिटलेल्या झडपेपाशी, असा नळ ६ मीटर लांब असल्यास त्याची मूळ कंपसंख्या दर सेकंदास सुमारे ५६ येते. हंबरण्याचा खर्ज स्वर याच टापूतला असतो. दाब वाढल्याने नळाची लांबी बदलत नाही, म्हणून हा स्वर नव्याने निर्माण होतो असे नव्हे; पूर्वी घर्षणात विरून जाणाऱ्या कंपनास आता पोसण्याइतकी ऊर्जा मिळू लागते, इतकेच. यात पाण्याच्या पृष्ठभागावरील लाटांनी गोळा डुलू लागला, किंवा दट्ट्या झिजून सैल झाला असला, तर कंपनास आणखी वाव मिळतो.

तिसरा प्रकार ठोक्याचा. वाहणारे पाणी एकाएकी अडविले गेले असता दाबाची जी उसळी येते, तिचा अभ्यास निकोलाय झुकॉव्हस्की यांनी मॉस्को येथे १८९७ च्या सुमारास केला. पाण्याची घनता, लाटेचा वेग व प्रवाहाच्या वेगातील घट या तिहींचा गुणाकार म्हणजे ही उसळी. धातूच्या नळात सेकंदाला १ मीटर वेगाने चाललेले पाणी झटकन थांबले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला १३ ते १४ किलोग्रॅमने चढतो. पूर्वोक्त उदाहरणात अर्ध्या इंची नळातील वेग सेकंदाला ०.८ मीटरवरून २.४ मीटर झाला होता. त्यामुळे नळ भिंतीशी घट्ट जखडलेला नसेल तर तो ठोठावणारच. प्लास्टिकच्या नळात लाटेचा वेग बराच कमी असल्याने ही उसळीही कमी असते. बॉलकॉक सावकाश मिटतो, म्हणून एकच मोठा ठोका ऐकू आल्यास त्याचा उगम बहुधा दुसऱ्या एखाद्या तोटीत अथवा पंपाच्या झडपेत शोधावा. ठोक्यांची मालिका ऐकू आल्यास मात्र डुलणाऱ्या गोळ्याचा संशय घेणे योग्य होईल.

यांखेरीज आणखी एक आवाज असतो, पण त्यास दोष म्हणता येत नाही. पाणी ठराविक वेळीच येणाऱ्या गावांत नळ रिकामे असताना त्यांत हवा शिरते आणि पाणी आले की ती फुरफुरत बाहेर पडते. हा आवाज दोनचार मिनिटांत आपोआप थांबतो.

५. पाण्याची पातळी व रात्रीची गळती

दाबवाढीचा एक परिणाम कानास ऐकू येत नाही, पण तो ध्वनीइतकाच महत्त्वाचा आहे. झडप मिटलेली ठेवण्यास लागणारे बल म्हणजे दाब गुणिले छिद्राचे क्षेत्रफळ. पाव इंची छिद्रावर ३ मीटर उंचीचा भार सुमारे ९५ ग्रॅम येतो; २५ मीटर उंचीचा भार सुमारे ७९० ग्रॅम येतो. तरफेचे प्रमाण बारास एक धरल्यास गोळ्यास जादा सुमारे ५८ ग्रॅम उत्प्लावक बल द्यावे लागेल, म्हणजेच आणखी ५८ घनसेंटिमीटर पाणी दूर सारावे लागेल. साडेचार इंच व्यासाचा गोळा अर्धा बुडालेला असताना त्याचा छेद सुमारे १०४ चौरस सेंटिमीटर असतो. तेव्हा पातळी जवळजवळ साडेपाच मिलिमीटरने चढेल. लहान छिद्राच्या बैठकीवर त्याच दाबाचा भार सुमारे २०० ग्रॅमच येतो व पातळीतील फरक जेमतेम एक मिलिमीटर राहतो.

साडेपाच मिलिमीटर हे अंतर थोडे वाटते. परंतु मुळात पातळी सांडनळीच्या तोंडाशी आणून ठेवलेली असेल, तर तेवढ्याने पाणी त्या नळीतून अखंड झिरपू लागते. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी असे गेले, तर दिवसाचे २८८ लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात भारतात दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरतात. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी कोणाच्याही नकळत गटारात जाते. रात्री इतरत्र वापर थांबल्याने नळातील दाब चढतो, म्हणून ही गळती रात्रीच अधिक होते. दाबपंप असलेल्या घरात तिची खूण सोपी आहे: सर्व तोट्या बंद असतानाही पंप दर काही मिनिटांनी सुरू होतो व थांबतो.

६. परीक्षा

उपायापूर्वी परीक्षा, हा क्रम येथेही पाळला पाहिजे. प्रथम आवाज टाकी भरण्याच्या कोणत्या टप्प्यावर येतो हे घड्याळ लावून पाहावे. आरंभापासून अखेरपर्यंत असल्यास तो प्रवाहाचा. केवळ अखेरीस असल्यास कंपनाचा. आणि भरणे संपल्यावर असल्यास नळाचा अथवा गळतीचा समजावा. नंतर आवाज चालू असताना गोळ्याचा दांडा हाताने स्थिर धरावा. आवाज तत्काळ थांबला, तर गोळ्याचे डुलणे हे कारण निश्चित होते. न थांबल्यास टाकीखालील अँगल कॉक हळूहळू मिटवीत जावे. टाकीतील सूंसूं कमी होऊन टाकी सावकाश भरू लागली, तर दाबाचे आधिक्य सिद्ध झाले.

शक्य असेल तेथे दाबमापक लावून दोन वाचने घ्यावीत: एक पाणी वाहत असताना व एक पाणी थांबलेले असताना, आणि दुसरे वाचन रात्रीही घ्यावे. या दोन दाबांतील भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे उपायांचे यशापयश बव्हंशी त्यावरच अवलंबून असते.

झडप उघडण्याचा प्रसंग आल्यास पाणी बंद करून बैठक, वायसर व दट्ट्या ही तिन्ही तपासावीत. दाब एकाएकी बदलला म्हणजे जुन्या लोखंडी नळातील गंज व गाळ सुटतो आणि त्याचा एखादा कण बैठकीवर अडकतो. नव्या पद्धतीच्या, लांब दांडा नसलेल्या झडपांत पडद्यामागील कक्षेचे सूक्ष्म छिद्र अशाच कणाने तुंबते. अशा वेळी झडप बदलण्याचे कारण नसते. ती धुऊन स्वच्छ करणे पुरेसे होते.

७. उपाययोजना

उपायांचा विचार करताना एकच तत्त्व समोर ठेवावे. नळातून येणारी जादा ऊर्जा कोठे तरी खर्च झालीच पाहिजे. ती एका फटीत न होता दोनतीन ठिकाणी विभागून व्हावी, अथवा मुळात झडपेपर्यंत येऊच नये.

सर्वांत सोपा उपाय अँगल कॉक अंशतः मिटविण्याचा. त्यामुळे दाबाची घट दोन ठिकाणी वाटली जाते, प्रत्येक फटीतील वेग कमी होतो व पाण्यात पोकळ्या पडण्याची क्रिया पुष्कळदा थांबते. परंतु या उपायास एक मर्यादा आहे. अँगल कॉक दाब कमी करतो तो केवळ वाहत्या पाण्याचा. टाकी भरत येऊन प्रवाह थांबू लागला की कॉकमधील घटही शून्यावर येते व झडपेवर पुन्हा पूर्ण दाब पडतो. म्हणून सूंसूं या उपायाने कमी होईल. पातळीची चढ व रात्रीची गळती मात्र तशीच राहील. हंबरणे कधी शमते, कधी नाही. कॉक मिटविला, आवाज गेला, आणि महिन्याने पाण्याचे देयक मात्र वाढले, असा विपरीत अनुभव येतो तो यामुळेच.

दुसरा उपाय बैठक बदलण्याचा. थांबलेल्या पाण्याचा दाब मोठा असेल, तर लहान छिद्राची बैठक हाच थेट व अल्पखर्चाचा उपाय होय. त्याने प्रवाह, ऊर्जेचा व्यय व दट्ट्यावरील भार ही तिन्ही एकदमच घटतात. बैठक सुटी मिळत नसल्यास उच्च दाबाच्या वर्गाची संपूर्ण झडप घ्यावी. गोळ्याचा दांडा वाकवून पातळी खाली आणण्याची प्रथा आहे; तिने सांडणे थांबते, पण कारण जात नाही.

तिसरा उपाय दाबनियामक झडपेचा. ती वाहत्या व थांबलेल्या अशा दोन्ही पाण्यांचा दाब उतरविते. पूर्वोक्त उदाहरणात तिने दाब १ किलोग्रॅमवर आणला, तर मोठ्या छिद्राची जुनी बैठक कायम ठेवूनही झडपेतील ऊर्जेचा व्यय सुमारे २६ वॅट होतो, म्हणजे लहान बैठकीने साधला तितकाच. आणि टाकी ३८ सेकंदांतच भरते. अनेक टाक्या व तोट्या एकाच नळावर असतील तेथे हा उपाय श्रेयस्कर. मात्र उरलेली ऊर्जा या झडपेतच खर्च होत असल्याने ती शयनगृहाच्या भिंतीत बसवू नये.

चौथा उपाय नळांच्या मांडणीचा. पंप बहुधा स्नानगृहातील फवाऱ्यासाठी आणलेला असतो. प्रक्षालन-टाकीस त्याची गरज नसते. तिला पंपाच्या आधीच वेगळा नळ काढून दिला, तर दाबवाढीचा प्रश्न तिच्यापुरता उद्भवतच नाही आणि पंपाची वीजही वाचते. नव्या बांधकामात हे सहज साधते. जुन्या घरात भिंत फोडावी लागते, म्हणून तेथे दुसरा किंवा तिसरा उपायच व्यवहार्य ठरतो.

हंबरण्यावर विशेष उपाय असे: झिजलेला वायसर व दट्ट्या बदलावा, दांड्याची खीळ सैल असल्यास घट्ट करावी, आणि गोळ्याचे डुलणे रोखण्यासाठी दांड्यास पाण्यात बुडून राहील असे लहान भांडे टांगावे. भांड्यातील पाणी जागचे हलण्यास विरोध करते व कंपन शमते. नळ ठोठावत असल्यास तो पकडींनी भिंतीशी जखडावा, व पकड आणि नळ यांमध्ये रबराची पट्टी द्यावी.

जेथे दाब सतत बदलत राहतो, तेथे झडपेचा प्रकारच बदलणे हिताचे. समतोल झडपेत दट्ट्याच्या दोन्ही टोकांवर नळातील पाण्याचा दाब सारखाच पडतो. त्यामुळे दाब चढला वा उतरला तरी ती मिटविण्यास लागणारे बल जवळजवळ तेच राहते. इंग्लंडमध्ये गार्स्टन येथील इमारत संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित झालेल्या झडपेत दट्ट्याऐवजी रबराचा पडदा छिद्र मिटवितो व हलणारे भाग पाण्यापासून अलग राहतात. त्यामुळे त्यांवर क्षार साचून ते अडकत नाहीत.

८. निःशब्द नळीचा धोका

शेवटी ज्या उपायाविषयी आरंभी इशारा दिला, त्याकडे वळावयास हवे. झडपेच्या तोंडास एक नळी जोडून तिचे दुसरे टोक टाकीच्या तळाशी पाण्यात बुडवितात. पाणी उंचावरून न पडता पाण्याखालीच सोडले गेल्याने खळखळ थांबते. उपाय स्वस्त आहे, त्याचा गुण तत्काळ दिसतो, आणि म्हणूनच तो एके काळी सर्वत्र रूढ होता.

परंतु झडपेचे तोंड व टाकीतील पाणी यांमधील हवेचे अंतर ही निरर्थक पोकळी नव्हे; पिण्याचे पाणी व टाकीतील पाणी यांमधील ती एकमेव सीमा आहे. टाकी अर्धी भरली असताना नळाचे पाणी गेले, अशी कल्पना करावी. गोळा खाली असल्याने झडप उघडी आहे. नळीचे टोक पाण्यात बुडालेले आहे. खालच्या मजल्यावर कोणी तोटी उघडली की नळातील पाणी उतरते, मागे निर्वात उत्पन्न होतो, आणि टाकीतील पाणी नळीवाटे उलट चढून त्याच नळात शिरते. स्वयंपाकघराची तोटी पुष्कळदा याच नळावर असते. नळीचे टोक हवेत असते, तर पाण्याऐवजी हवा आत आली असती व काहीही अनर्थ घडला नसता. दिवसातून काही तासच पाणी येणाऱ्या गावांत नळ रिकामे होणे हा नित्यक्रम आहे. म्हणून तेथे हा धोका अपवादात्मक मानता येत नाही.

सदोष नळकामाचे परिणाम किती दूरवर जातात, याचे विदारक उदाहरण शिकागो येथे १९३३ साली घडले. तेथील जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांतून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सुमारे १,४०० लोकांस बाधा झाली व ९८ मृत्यू पावले. सांडपाणी व पिण्याचे पाणी यांचा जुन्या नळकामातून झालेला संपर्क हे तिचे कारण चौकशीअंती निष्पन्न झाले. तेथे दोष प्रक्षालन-टाकीच्या नळीचा होता असे नव्हे. परंतु पिण्याचे व न पिण्याचे पाणी यांमधील सीमा पुसली गेली म्हणजे काय होते, हे त्या घटनेने जगास दाखविले. ब्रिटनमध्येही पुढे अशा बुडत्या नळ्यांना जलविषयक नियमांनी मनाई करण्यात आली. जुन्या घरातील टाकीत अशी नळी आढळल्यास ती काढून टाकावी, आणि त्यामुळे खळखळ परत आली तर ती वर सांगितलेल्या उपायांनी कमी करावी.

९. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. दाब बदलल्यानंतर टाकीतून येणारा आवाज हा झडप बिघडल्याचा पुरावा नसून, झडप व दाब यांची संगती सुटल्याचा पुरावा होय. ती संगती पुन्हा जुळविण्यासाठी वाहत्या व थांबलेल्या पाण्याचा दाब वेगवेगळा मोजावा, आवाज कोणत्या टप्प्यावर येतो ते पाहावे, आणि मग बैठक, दाबनियामक झडप किंवा नळांची मांडणी यांपैकी योग्य तो बदल करावा. आवाज थांबला की दोष गेला, असे मात्र मानू नये. अँगल कॉक मिटविल्याने गळती झाकली जाते व बुडत्या नळीने त्याहून मोठा धोका झाकला जातो. टाकी मुकी झाली म्हणजे ती निर्दोष झाली, असे नव्हे. ती निर्दोष केली असता बहुधा आपोआपच शांत होते.